वाटाड्या आणि बुटाची नाडी

दि. ७ जानेवारी

चि. टिंगीस,
अ. उ. आ.

मी सांगतो आहे आणि तुझी आई लिहिते आहे, हे अक्षरावरून कळलंच असेल. (अक्षर माझं, मतं यांची. पुढे काही वावगं आलं तर मला बोल लावू नकोस. आई.) मधेच काहीतरी जास्तीचं खरडल्याचा आवाज येतो आहे. मी सांगेन तेवढंच लिहायचं, अशी सूचना दिलेली आहे.

मुद्द्याचं सांगतो. काचबिंदूने उजवा डोळा पूर्ण नेला आणि डाव्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ठीक आहे. रडून झालं. (यांचं नाही, माझं.) आता पुढचं. मला रोज सकाळी पोहायला जायचं आहे आणि एकट्याने जायचं आहे. पाण्यात डोळे लागत नाहीत. कडेची दोरी हाताला लागत राहिली की माणूस सरळ जातो. प्रश्न आहे तो घरापासून तलावापर्यंतच्या रस्त्याचा. ज्या रस्त्याने मी तुला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं, तो मला पाठ आहे. पण तुझ्या दादाला हे पटत नाही. विमा कंपनीसाठी अपघातांचे पंचनामे करून करून त्याला रस्त्यावर चालणारी माणसं दिसतच नाहीत, पडणारीच दिसतात. (डिसेंबरात हे गटाराच्या कडेला पडले आणि कोपर फुटलं, तेही लिहू का विचारलं तर नको म्हणाले. म्हणून लिहिलं.)

दादाचं म्हणणं, घर बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. तिथे आठव्या मजल्यावरून लिफ्टने खाली जायचं, बागेत गोल फिरायचं आणि लिफ्टने वर यायचं. उभा जन्म पीटीचे तास घेतले, पोरांना ताठ चालायला शिकवलं, आणि आता मी कुणाच्या तरी दंडाला लटकून बागेत गोल फिरू? (दादा चांगल्या मनाने म्हणतो गं. शिवाय त्याच्याकडे नळाला सदा गरम पाणी असतं.)

तर आता तुझ्यावर जबाबदारी आहे. चालणाऱ्या माणसाला वाट सांगणारं ते यंत्र तू बनवते आहेस ना, ते पाठव. मार्चअखेरपर्यंत मी त्याच्या जोरावर एकटा जाऊन दाखवतो. रोजची नोंद यंत्रात राहील. वाट चुकलो नाही तर हे घर आणि हा रस्ता माझा. चुकलो तर मुकाट्याने सामान बांधायचं. दादाने कबूल केलं आहे. पंच तू.

आशीर्वाद भरपूर आहेत, जपून ठेवू नकोस, वापर.

तुझे बाबा

(ता. क. तुझ्या त्या स्वेटरची बाही कुठवर आली? मागच्या फोटोत एक हात लांब आणि एक आखूड दिसत होता. माणसाचं माप घेतलंस की माकडाचं? आई.)


दि. १५ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आईने हे पत्र मोठ्याने वाचताना गाळागाळ करू नये, ही पहिली विनंती.

यंत्र वगैरे काही वेगळं येणार नाही बाबा. तुमच्याच फोनमध्ये बसेल असा एक प्रोग्राम आहे. फोन शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर डोकावणारा, आणि एका कानात इअरफोनचं बोंडूक. दुसरा कान मोकळाच ठेवायचा, गाड्या ऐकायला. तो पुढे खांब आहे, इथे पायरी आहे, आता डावीकडे वळा, असं सांगत राहील. आम्ही त्याला वाटाड्या म्हणतो. इथली पोरं मला चिडवतात, की हिच्या पीएच.डी.ला एक गाईड आहेत, आणि त्या गाईडच्या हाताखाली ही दुसरा गाईड बनवते आहे. आमच्या गाईडबाईंना हा विनोद अजून कुणी सांगितलेला नाही.

काम कसं चाललंय विचाराल तर रडतखडत. वाटाड्याला बोलायला शिकवायचं म्हणून आम्ही ढीगभर लोकांकडून रस्त्यांची वर्णनं बोलून घेतली. तर माणसं काय सांगतात माहीत आहे? जिथे पूर्वी पोस्टाची पेटी होती तिथून वळा. जुन्या दवाखान्यापाशी उतरा. आणि तो दवाखाना कधीच पाडलेला! नसलेल्या गोष्टींनीच माणसं वाट सांगतात. बिचारा वाटाड्या कॅमेऱ्यातून ती पेटी शोधत बसतो. बाईंनी सांगितलं, नाही ते सगळं गाळ. गाळलं. पण खरं सांगू, गाळताना जिवावर आलं.

मी शिकवते त्या पहिल्या वर्षाच्या वर्गालाही हाच गृहपाठ दिला. दृष्टी नसलेल्या पाहुण्याला फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत आणा. एकाने लिहिलं, कँटीनच्या वासाकडे पाठ करून चालत राहा. दुसरीने लिहिलं, ज्या पायरीवर मला नापास झाल्याचं कळलं, तिथून डावीकडे वळा. याला गुण द्यायचे की काय करायचं, तुम्हीच सांगा मास्तर.

तुमचं पत्र आल्यापासून तो रस्ता सारखा आठवतो आहे. दांडीवर बसून बसून पायाला मुंग्या यायच्या. चढावर तुमचा श्वास माझ्या मानेवर लागायचा. गिरणीचा पट्टा फटफट वाजायचा आणि येताना बेकरीतला गरम पाव तुम्ही माझ्या ओल्या फ्रॉकच्या खिशात कोंबायचात. पाण्यात मी रडायला लागले की काठावरून ओरडायचात, की आधी हात मार, घाबरायचं नंतर बघू. आता प्रबंधाचं प्रकरण लिहायला बसले की तसं ओरडणारं इथे कुणी नाही.

पंच व्हायला तयार आहे. पण लेक म्हणून एकही नोंद खोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. स्वेटरबद्दल आईशी वेगळं भांडेन. दोन सुलट, एक उलट, हे मी प्रोग्रामसारखं बिनचूक करते. मोजायला विसरते, एवढंच.

लोभ आहेच, तो वाढवायच्या खटाटोपात न पडता आहे तेवढा शाबूत ठेवा.

तुमची टिंगी


दि. २ फेब्रुवारी

चि. टिंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी फोनला सांगतो आहे आणि तो लिहून घेतो आहे. तू शिकवलेली ही सोय मला फार आवडली. कंसात खरडणारं कुणी नाही. बरोबर लिहितो की नाही, देव जाणे.

आता रोज सकाळी गळ्यात चिठ्ठी घालून निघतो. कुणी आडवं आलं की जोरात चिठ्ठी फुंकतो. लोक लगेच बाजूला होतात. तलावावर माझी शाळेतली जुनी ढोरं भेटतात, आता त्यांनाही टक्कल पडलं आहे. पण अजून मला बघून पोटं आत घेतात, असं ऐकतो. पहिल्या दिवशी पाण्यात उतरलो तेव्हा अंगावर काटा आला. त्या पाण्याला माझे डोळे गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या वाटाड्याबद्दल तक्रार आहे. पोरगा हुशार आहे, खांब आणि खड्डे चोख सांगतो. पण चढ संपला की म्हणतो, डावीकडे वाहनतळाची भिंत. अरे, कसली भिंत? तिथे गिरणी होती! माझ्या डोक्यात अजून तिथे पिठाचा वास येतो. पुढे म्हणतो, उजवीकडे मोबाईलचं दुकान. तिथे थिएटर होतं, तुझ्या आईबरोबर मी लग्नाआधी तिथे चोरून सिनेमा बघितला. वाटाड्या कालचा पोर, त्याला काय माहीत असणार. माझा आणि त्याचा रस्ता एक आहे, पण गाव वेगळं आहे.

तुझी आई हत्ती आहे, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी निघताना एक अक्षर बोलत नाही. दार लावून घेते. मला वाटलं होतं रडारड करेल. जरा रागच आला, खरं सांगायचं तर.

आशीर्वाद आहेतच. कमी पडले तर कळव.

तुझे बाबा


दि. ११ फेब्रुवारी

चि. टिंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने आणि शेजारणीच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. यातलं अक्षरही बाबांना कळता कामा नये. कळलं तर माझ्याशी गाठ आहे.

आधी हत्तीबद्दल. यांच्या फोनने मला हत्ती केलं, ते शेजारच्या पोरीने त्यांचाच फोन उघडून मला वाचून दाखवलं. हट्टी म्हणाले असतील, हे कळायला मला कॉलेजात जायची गरज नाही. तुझ्या त्या कारकुनाला जरा शिकव.

आता खरं ते सांगते. हे रोज एकटे जात नाहीत. मी मागून जाते. हे बाहेर पडले की मी दार आपटून लावल्याचा आवाज करते, मग हळूच उघडते आणि कापडी बूट घालून निघते. चपला वाजतात ना. अंतर ठेवून चालते. वाटेत सगळ्यांना मी ओठांवर बोट ठेवून खुणावलं आहे. कोपऱ्यावरचा पेपरवाला, शिलाईवाली, शाळेत निघालेली पोरं, सगळ्यांना माहीत आहे. हे तलावाच्या फाटकात शिरले की मी पलीकडच्या फळवाल्याकडे स्टुलावर बसते. परत यायच्या वेळी रिक्षाने यांच्या आधी घरी पोचते आणि ओट्यापाशी उभी राहते. तोंडावर पाणी मारते, म्हणजे दम लागल्याचं कळत नाही. पण यांना तोंड कुठे दिसतं, ते नंतर लक्षात आलं.

काय करू, तूच सांग. यांना एकट्याने जायचंय, जाऊ देत. पण मला घरात एकटीला बसवत नाही. डिसेंबरात कोपरातून रक्त गळत असलेले हे दारात उभे राहिले, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

फक्त तो चढ माझ्या गुडघ्याला झेपत नाही. यांची चाल तुला माहीत आहे. पण नशीब बघ कसं, चढ संपला की त्या वाहनतळाच्या भिंतीपाशी यांच्या बुटाची नाडी रोज सुटते. रोज! मग हे वाकून, चाचपडून, सावकाश बांधत बसतात. तेवढ्यात मी भिंतीला टेकते आणि दम घेते. नाड्या अगदी झिजलेल्या असणार. इथे चांगल्या मिळत नाहीत, तिकडून एक जोड पाठव. म्हणजे लगेच पाठव असं नाही.

दादाला टाकून बोलू नकोस. तोही वाईट नाही.

माया कळव, आणि स्वेटर उसवून परत घाल.

तुझी आई


दि. २४ फेब्रुवारी

प्रिय टिंगे,

तू पाठवलेली नोंद पाहिली. नकाशावर रोज तीच गोष्ट आहे. चढ संपल्यावर वाहनतळाच्या भिंतीशी बाबा थांबतात, आणि चांगले बराच वेळ थांबतात. तिथे ना वळण, ना दुकान, ना बाकडं. जाताना रोज, येताना कधीच नाही. हे वाट हरवणं नाही तर काय आहे? पडलेल्या माणसांचे जबाब लिहून घेतो मी. पडण्याआधी ते असेच एका जागी घुटमळलेले असतात.

मला खलनायक करून ठेवलंय तुम्ही सगळ्यांनी. डिसेंबरात आईने फोन केला तेव्हा मी गाडी कशी हाणत आलो, मलाच माहीत. माझ्या शर्टाला त्यांचं रक्त लागलं. ते मात्र मला चाचपत विचारत होते की तुझा खांदा असा वाकडा का, सरळ उभा राहा. मला त्यांचं घर नको आहे गं. मला ते हवे आहेत.

मार्चअखेर मी टेम्पो सांगून ठेवतो. पंच आहेस, तर आता निकाल दे.

दादा


दि. २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या कानात फोन वाचून दाखवेल, आईच्या हातात पडणार नाही. म्हणून स्पष्ट विचारते. वाहनतळाच्या भिंतीपाशी तुम्ही रोज का थांबता?

माझ्या बाईंनीही तेच विचारलं. त्यांचं म्हणणं, तिथे वाटाड्या गोंधळत असणार आणि माणूस अडकून पडत असणार. तसं असेल तर चूक माझी, माझं सगळं प्रकरण परत लिहावं लागेल. लागू दे. पण तुम्हाला तिथे काही सुचत नसेल, पाय पुढे टाकायची भीती वाटत असेल, तर मला सांगा बाबा. लाजू नका. दादाने टेम्पो सांगितला आहे.

नाड्यांचं पुडकं मिळालं का? नवीन आहेत, सुटणार नाहीत.

इथे वर्गातली पोरं परीक्षेच्या भीतीने माझ्या खोलीत येऊन बसतात. मी त्यांना धीर देते आणि मग तुमचा नकाशा उघडून स्वतःच नखं खाते.

लोभ असाच ठेवा. उत्तराची वाट बघायची शक्ती माझ्यात फार नाही.

तुमची टिंगी


दि. २८ फेब्रुवारी

चि. टिंगीस,
अ. उ. आ.

नाड्या मिळाल्या. मी तुझ्याकडे नाड्या मागितल्या नव्हत्या. माझ्या नाड्या ठणठणीत आहेत. म्हणजे त्या तुझ्या आईने मागवल्या. मी नाडी बांधतो हे तिने कुठे पाहिलं? घरात तर मी बूट बसून घालतो, एका झटक्यात. तेव्हा तुला सगळं माहीत आहे आणि तू साळसूद बनून मला विचारते आहेस. बरं आहे.

ऐक. ती माझ्या मागून येते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पेपरवाला मला मोठ्याने नमस्कार करतो आणि मी पुढे गेलो की एकदम चिडीचूप होतो. शिलाईवालीचं मशीन थांबतं. शाळेची पोरं फिदीफिदी हसतात आणि गप्प होतात. सगळी गल्ली माझ्या पाठीमागे तोंडावर बोट ठेवते. अगं, जन्मभर मैदानावर पाठमोरा उभा राहून शिट्टी वाजवली आहे. पाठीमागे लोक कधी गप्प होतात आणि का, ते मला कळणार नाही?

पहिल्या दिवशी संताप आला. वाटलं, गर्रकन वळावं आणि ओरडावं. मग चढ लागला आणि मला तिचा श्वास ऐकू आला. गुडघा दुखला की ती श्वास दातांतून ओढते, तुला माहीत आहे. ओरडायचं सुचलंच नाही. वर पोचलो आणि वाकून नाडी सोडली. सोडली म्हणजे मी स्वतः सोडली, मग बांधली. तिचा श्वास जागेवर आला की उठतो. तेवढा वेळ लागतोच. चढ येताना नसतो, म्हणून येताना थांबत नाही. परत येताना ती रिक्षाने पुढे जाते, आणि घरात जणू त्या गावचीच नाही अशी उभी राहते.

तेव्हा तुझा वाटाड्या चुकत नाही आणि मीही चुकत नाही. बाईंना सांग, पोरीचं काम पक्कं आहे. पण तुझ्या आईला यातलं काही कळता कामा नये. तिला कळलं तर ती यायची बंद होईल आणि घरात बसून झुरेल.

आशीर्वाद. आणि तोंडाला कुलूप.

तुझे बाबा


दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि तिथेच हमसून हमसून रडले. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, माझा प्रोग्राम उडाला.

पण आता माझी काय गोची झाली आहे बघा. दादाला थांबण्याचं खरं कारण सांगावं, तर आई रोज मागे होती हे उघड होतं. म्हणजे तुम्ही एकटे गेलातच नाही, पैजच रद्द. सांगू नये, तर रोजचं थांबणं वाट चुकण्यात जमा होतं, आणि घराला कुलूप. आईने शपथ घातली आहे तुम्हाला सांगू नको, तुम्ही म्हणता तिला सांगू नको, दादा म्हणतो मला सांग. अशी पंचाची नोकरी कुणी फुकटसुद्धा करू नये.

बाईंना तक्त्यात थांबण्याचं कारण लिहून हवं होतं. मी लिहिलं, कारण घरगुती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. शेवटी सांगून टाकलं. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हे प्रबंधात नको, पण खोडूही नको.

दादाशी मी खोटं बोलणार नाही. महिनाअखेरपर्यंत निकाल देत नाही, एवढंच त्याला कळवलं आहे. बाबा, ते घर बंद झालेलं मला सहन होणार नाही. मी तिथे राहत नाही, तरी.

काही सुचलं तर कळवा. लोभ तर आहेच, सध्या अक्कल हवी आहे.

तुमची टिंगी


दि. १९ मार्च

चि. टिंगीस,
अ. उ. आ.

निकाल लागला. तुला नोंद मिळालीच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

तुझ्या आईचा गुडघा गेल्या आठवड्यात सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी पाय खाली टेकवायलाही बंदी केली. आता कशी येणार मागून? सकाळी मी बूट घातले तर म्हणाली, आज राहू द्या ना. कारण विचारलं तर म्हणे उगीच. मी निघालो. दारात जरा रेंगाळलो, तुझ्यापासून कशाला लपवू.

टिंगे, रस्ता किती आवाज करतो! पेपरवाला मला नमस्कार करून लगेच पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसला. शिलाईचं मशीन थांबलं नाही. पोरं किंचाळत गेली. मागे कुणी गप्प झालं नाही, म्हणजे खरोखरच कुणी नव्हतं. चढ चढलो. वाटाड्या म्हणाला, डावीकडे वाहनतळाची भिंत. थांबायला काही कारण नव्हतं, म्हणून पुढे गेलो. तलावावर पोचलो, पोहलो, घरी आलो. तेव्हापासून रोज तसंच. कुठे अडखळलो नाही.

दादाला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं, आईचं मागून येणंही. आधीची नोंद सोड, या आठवड्याची बघ म्हटलं. तो म्हणाला, बाबा, घर तुमचं, टेम्पो रद्द. मी त्याला खांदे सरळ ठेव म्हणालो.

जिंकलो. आता हे फक्त तुला सांगतो. पहिल्या दिवशी त्या चढावर न थांबता पुढे गेलो ना, तेव्हा इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. डोळे गेले तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. एकट्याने जायचा हट्ट माझाच होता आणि तो पुरा झाला. त्यात काही राम नाही. गिरणीचा वास येईना, थिएटर आठवेना, नुसत्या भिंती आणि खांब.

आता गुडघा बरा होतो आहे. तिला काय सांगू, की परत चोरून मागून ये? हुकूम देता येतो मला. बाकीचं जमत नाही. तुझ्या शास्त्रात काही उपाय असेल तर कळव.

आशीर्वाद.

तुझे बाबा


दि. ९ एप्रिल

चि. टिंगीस,
अ. उ. आ.

गुडघ्याची सूज उतरली. दादा येऊन चार दिवस राहून गेला. पहिल्या दिवशी यांच्या मागून चालला, दुसऱ्या दिवशी यांच्याबरोबर पोहला, तिसऱ्या दिवशी उठलाच नाही. जाताना मला म्हणाला, तुम्ही दोघं कठीण आहात. मी म्हटलं, तू कुणाचा?

तुझा वाटाड्या सध्या कपाटात आहे. रागावू नकोस. तुझ्या पदवीला यामुळे काही होणार नाही ना, तेवढं बाईंना विचारून कळव. लागला तर परत काढू. सध्या यांना वाट मी सांगते. आम्ही दोघं बरोबर जातो, माझ्या गुडघ्याच्या चालीने, म्हणून पोचायला उशीर होतो. खांब आणि खड्डा आला तर सांगते, पण बाकी काय आहे ते फारसं सांगत नाही. काय होतं ते सांगते. इथे गिरणीवाला पांढऱ्या भुवयांनी बसायचा, इथे तुम्ही मला पहिल्यांदा सोडावॉटर पाजलं आणि ते माझ्या नाकात गेलं. यांना जे आहे तेही दिसत नाही आणि जे नाही तेही. मग आवडीचं का सांगू नये? काल मोबाईलच्या दुकानासमोर उभं राहून दोघं इतकं हसलो की आतला पोरगा बाहेर येऊन काय पाहिजे विचारायला लागला.

हे झालं कसं, ते सांगायचं राहिलं. मागच्या सोमवारी संध्याकाळी मी दिवा लावून पाय शेकत बसले होते. हे आले आणि दारातच उभे राहिले. बराच वेळ उभे. मला वाटलं, काही सांडलं की काय. मग मैदानावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, की उद्या सकाळी. आणि दाराची कडी उगीच वरखाली करत राहिले. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, उद्या सकाळी येतेस का माझ्याबरोबर, मागून नको, बाजूने.

मी चोरी पकडल्यासारखी बघतच राहिले. कधीपासून माहीत आहे, हे विचारायचंही सुचलं नाही. लग्न झालं तेव्हापासून हे पुढे आणि मी मागे. पाय उचल, हात हलव, वेळेवर निघ, असं यांनी मला आयुष्यभर सांगितलं. येतेस का, असं विचारलं कधीच नव्हतं. टिंगे, मी ढसाढसा रडले. हे म्हणायला लागले, नको असेल तर राहू दे, गुडघा दुखत असेल तर राहू दे. मी म्हटलं, थांबा जरा, मला रडू तर द्या, मग येते म्हणते.

माया आहे तशीच आहे, आता दोघांची एका कागदात मावते.

तुझी आई